सरावाचे निरोप

बुधवारी, आठ ऑक्टोबर दोन हजार आठला, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी गौतमीच्या मोबाइलवर निरोप आला: तुमचा रिपोर्ट आला आहे, त्यात दोष दिसतो, आज पाचच्या आत दवाखान्यात या, राहायच्या तयारीने या. अक्षरं रोमन, भाषा मराठी. गौतमीने वर्षभरात कुठलीही तपासणी केली नव्हती. तरी वाचता वाचता तिने खरोखरच आठवून पाहिलं, की आपण कुठे रक्त दिलं होतं का, बाटलीवर नाव लिहिलं होतं का, घरी काही सांगायचं राहून गेलंय का. 'तुम्ही' म्हणून कुणी हाक मारली की माणूस आधी ओ देतो, नाव नंतर ऐकतो. नाव निरोपाच्या शेवटी होतं. सुलक्षणा. त्याच्याआधीचे दोन निरोप तिने उघडलेच नव्हते. ती मीटिंगमध्ये होती. एकात गेणबाला साखरेची गोळी सकाळी एकच घ्यायला सांगितलं होतं, दुसऱ्यात आक्काबाईला पुढच्या आठवड्यात उपाशीपोटी बोलावलं होतं. तिन्ही एकाच नंबरवरून आले होते. तो नंबर तिला पाठ होता, कारण ते सिम तिनेच विकत घेतलं होतं.

हिंजवडीच्या दुसऱ्या फेजमधल्या त्या तिसऱ्या मजल्यावर त्या वेळी खंडेनवमी चालू होती. मॉनिटरांना झेंडूच्या माळा लागल्या होत्या, आणि कौस्तुभ, तिच्या टीमचा प्रमुख, हातात ताम्हण घेऊन टेबलाटेबलावर कीबोर्डच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावत चालला होता. तो गौतमीपाशी आला, थांबला. गौतमीने कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. दरवर्षी ती एवढंच करी; होही म्हणत नसे, नाहीही म्हणत नसे. कौस्तुभने बोट लावलं, एक फूल ठेवलं आणि तो पुढे गेला. सगळी मशिनं चालूच होती. ती बंद करावीत असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं, अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाची अजून मंगळवारची रात्र चालू होती. गौतमी मोबाइल हातात घेऊन जिन्याकडे निघाली तेव्हा काय झालंय ते तिला कळलेलं होतं. कसं झालं, ते मात्र कळत नव्हतं.

मुळशीला, धरणाच्या अलीकडे, एका ट्रस्टचा दवाखाना होता. फेब्रुवारीत ती आईचा गुडघा दाखवायला तिथे गेली होती आणि बाकावर बसल्या बसल्या तिने पाहिलं होतं, की तिथली मदतनीस आशालता फाटकाशी उभी राहून वडापच्या जीपवाल्यांना ओरडून निरोप सांगते आहे: अमक्या वाडीतल्या अमकीला म्हणावं, रिपोर्ट आलाय, ये. निरोप कधी पोचत, कधी भलत्याच वाडीला पोचत, आणि कुणाला काय झालंय ते सगळ्या जीपला कळे. गौतमीला त्या शेवटच्या गोष्टीचा त्रास झाला. मे महिन्यात रविवार-रविवार जाऊन तिने औषधांच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर बसवला, त्याला सिम घातलेला मोडेम जोडला, आणि तिथल्या डॉक्टर हेमलतांनी रिपोर्ट भरला की ज्याचा त्याला मोबाइलवर निरोप जाईल असा प्रोग्रॅम लिहिला. लिहिताना तिने ऑफिसात शिकलेला नियम पाळला. प्रोग्रॅमच्या आत जागेचं काही लिहायचं नाही: पासवर्ड नाही, सिमचा नंबर नाही, आपण खरे काम करतोय की सराव करतोय तेही नाही. ते सर्व्हर सुरू होताना बाहेरून सांगायचं. ऑफिसात त्याला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणत. कौस्तुभ नव्यांना शिकवताना म्हणायचा, प्रोग्रॅमला आपण कुठे आहोत ते माहीत नसावं, जागेने त्याला सांगावं. मोड 'लाइव्ह' आहे असं सांगितलं, की निरोप पेशंटला जात. काहीच सांगितलं नाही, तर प्रोग्रॅम आपण सरावात आहोत असं धरून चाले आणि सगळे निरोप गौतमीच्या मोबाइलवर पाठवी. ही खबरदारी तिचीच होती. चाचणीचा खोटा निरोप वाचून कुणी म्हातारा डोंगर उतरून उपाशीपोटी येऊ नये, म्हणून घेतलेली. दवाखान्याच्या पडद्यावर मात्र दोन्ही वेळा 'पाठवला' असंच दिसे, कारण पाठवलेला असेच.

मेमधल्या शेवटच्या रविवारी तिने मोडची 'लाइव्ह' ही किंमत हाताने टाइप करून दिली आणि मशीन तेव्हापासून बंद झालेलं नव्हतं. वीज जायची, इन्व्हर्टर ओढून न्यायचा. मशीन उठलं की प्रोग्रॅमही आपोआप उठेल एवढी सोय तिने केली होती. किंमत फाइलीत लिहून ठेवायची राहिली होती, म्हणजे मशीन बंद होऊन पुन्हा उठलं की ती पुसली जाणार. राहिली होती, की ठेवली नव्हती, हे तिला नीट सांगता आलं नसतं. ऑफिसात असल्या गोष्टी डिस्कवर लिहीत नाहीत आणि त्या द्यायला रात्रंदिवस कुणीतरी पाळीवर असतं. मुळशीच्या औषधांच्या खोलीत पाळी नव्हती. हे तिला मे महिन्यातही माहीत होतं.

जिन्यात उभं राहून तिने आशालताला फोन लावला आणि मशीन बंद पडलं होतं का विचारलं.

"पडंल कशाला? मीच केलं की बंद. पूजेला."

"आशालताताई, मी सांगितलं होतं, कधीच बंद करायचं नाही."

"आजचा दिस सोडून म्हणला आसाल. गिरणी बंद ठेवत्यात, ट्रॅक्टर बंद ठेवत्यात. चालत्या मशिनीला कुंकू कोण लावतंय? चांगलं पुसलं, हार घातला, नारळ फोडला, मग चालू केलं. हिरवा दिवा लागलाय. तुमच्यात—" आशालता थांबली. "तुमच्यात करत्यात का न्हाई, मला म्हाईत न्हाई."

गौतमीने सुलक्षणाच्या कार्डावरचा मोबाइल नंबर मागितला. आशालता कार्ड शोधत असताना फोनमधून नारळाच्या पाण्याने भिजलेल्या फरशीवरून चपला ओढल्याचा आवाज येत राहिला. नंबर सुलक्षणाच्या नवऱ्याचा होता. घरात फोन तो एकच. काय दोष आहे ते आशालताने आवाज खाली आणून सांगितलं: पहिलटकरीण, आठवा चालू, रक्तदाब वाढलेला, लघवीत प्रथिनं, पायांवर सूज. डॉक्टरबाईंनी सकाळी रिपोर्ट बघितला आणि लगेच निरोप पाठवला. उद्या दसरा, परवापर्यंत दवाखाना बंद. आज आली तर बाई स्वतःच्या गाडीतून पुण्याला नेणार होत्या. आली नाही तर झटके येऊ शकतात, मग आईचंही सांगता येत नाही आणि पोराचंही नाही. "पण येईल की," आशालता म्हणाली. "निरोप गेलाय नव्हं." गौतमीने तिला सांगितलं, की निरोप गेलेला नाही. आशालताने विचारलं, हारामुळं का.

नंबर लावला तर तो सेवाक्षेत्राबाहेर होता. ते अपेक्षितच होतं. पाण्यापलीकडच्या त्या वाडीत रेंज नाही. माणसं रस्त्यापर्यंत आली किंवा टेकाडावर चढली, की साठलेले निरोप एकदम मोबाइलात पडतात. म्हणून तर फोनऐवजी निरोप, हे मे महिन्यात तिनेच डॉक्टरांना पटवलं होतं. तिने आपल्या मोबाइलवरून तोच निरोप शब्दाला शब्द टाइप केला, खाली डॉ. हेमलता असं लिहिलं आणि पाठवला. आशालताला परत फोन करून सांगितलं, की वडापवाल्या विश्रामची जीप त्या बाजूला जाणारी असली तर तोंडी निरोपही धाडा. म्हणजे पूर्वीसारखंच. आशालता म्हणाली, जीपला हार घालून इश्राम पारावर बसलाय, पण जाईल, त्याला जायला लावते.

कौस्तुभला तिने सांगितलं, की मुळशीला एक मशीन चुकीचं उठलंय आणि इथल्या नेटवर्कमधून तिथे पोचता येत नाही, तेव्हा ती जाते आहे. त्याने ताम्हण टेबलावर ठेवलं आणि चेहरा कामाचा करून विचारलं, प्रॉडक्शन का. ती हो म्हणाली. "युजर किती अफेक्टेड?" तीन, ती म्हणाली. कौस्तुभ मोकळेपणाने हसला. "तीनच? मग पेढा खाऊन जा." त्यात वाईट काही नव्हतं. त्याचं माप लाखांचं होतं आणि मे महिन्यापर्यंत तिचंही तेच होतं.

घोटावड्यावरून पौडकडे जाताना स्कूटीवर ऊन डोक्यावर होतं. भात पिवळं पडायला लागलं होतं. कडेला ट्रॅक्टर उभे होते, तोंडाला झेंडू आणि आंब्याचा डहाळा. पौडातली पिठाची गिरणी बंद होती आणि बंद दाराच्या कडीत एक माळ अडकवलेली होती. आशालता म्हणाली तसंच होतं सगळं. गौतमी या तालुक्यातलीच, पौडच्या पुढच्या एका गावच्या बौद्धवाडीतली, आणि तरी गिरणी आजच्या दिवशी बंद असते हे तिला लक्षात घ्यावंसं वाटलं नव्हतं. लहानपणी त्या दिवशी दळण आदल्या दिवशी आणलेलं असे, एवढंच. घरी पूजा नसे. दुसऱ्या दिवशी विहारात जायचं असे, आई पांढरी साडी काढून ठेवी, आताही ठेवली असेल. वडील, धम्मपाल, एसटीवर ड्रायव्हर होते. खंडेनवमीला आगारात गाड्यांना हार घालत, स्टेअरिंगला कुंकू लावत, आणि वडील ती गाडी घेऊन घरावरून जात तेव्हा हार काचेवर डुलत असे. एकदा तिने विचारलं होतं, की तुम्ही तो काढून का टाकत नाही. ते म्हणाले होते, गाडी सरकारची, हार लोकांचा, चालवायची मी. तेव्हा तिला ते उत्तर फार पुरेसं वाटलं होतं. नंतर कॉलेजात ते भित्र्या माणसाचं वाटलं, आणि नोकरी लागल्यावर पुन्हा पुरेसं वाटायला लागलं. कीबोर्डवरून हात उचलणं तिने तिथूनच घेतलं असावं. हिंजवडीजवळ जांब्याला खोली घेताना घरमालकिणीने आडनाव विचारलं, तेव्हा तिने कंपनीचं नाव सांगितलं होतं, आणि मालकिणीला ते पुरलं होतं. प्रत्येक ठिकाणी विचारतात ते वेगळं असतं आणि द्यायची किंमत वेगळी असते; ऑफिसात 'आहे', घरी 'हाय'. यात तिला कधी खोटेपणा वाटला नव्हता. वाटायची ती सोय. आता मात्र तिला हे सुचत होतं, की कुणीच काही विचारलं नाही, तर आपण मुळात काय धरून चालतो. रस्त्यात बैल आडवा आला, तिने ब्रेक दाबला, आणि तो विचार तिथेच राहिला. सुलक्षणाला तिने कधी पाहिलेलं नव्हतं. पण मांडीवर पिशवी घेऊन बसलेली, पायांत चप्पल घट्ट होत असलेली एक बाई तिच्या डोळ्यांपुढे येत होती, आणि त्या बाईने मोबाइलकडे बघावं म्हणून ती वेग वाढवत होती, जणू तिच्या वेगाचा त्याच्याशी काही संबंध आहे.

दवाखान्यात डॉक्टर हेमलता बाह्यरुग्ण विभागातले शेवटचे पेशंट बघत होत्या. साठीच्या, पुण्याच्या, आवाज न चढवणाऱ्या. गौतमी दारात उभी राहिली, तेव्हा त्या कानातून स्टेथोस्कोप न काढताच म्हणाल्या, "स्क्रीनवर 'पाठवला' असं आहे."

"पाठवला होता. मला."

हेमलतांनी पेशंटच्या पाठीवर स्टेथोस्कोप हलवला, श्वास घ्यायला सांगितलं, ऐकलं. पेशंट गेल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, की आधी मी दोन जीपवाल्यांना सांगायला लावत असे, एकाचा तरी निरोप पोचायचा. मशीन आल्यावर एकदाच सांगायला लागले. गौतमीला वाटलं होतं की आपल्याला बोलणी खायला लागतील, आणि ती तयारी करून आली होती. ती तयारी आता कुठे ठेवावी कळेना. गेणबा सकाळीच झेंडू विकायला गावात आला होता, त्याला आशालताने वाटेत गाठून गोळीचं सांगितलं होतं. आक्काबाईचं घर जवळच होतं. उरली एक.

औषधांच्या खोलीत मशीनच्या डोक्यावर झेंडूचा हार होता, पुढे नारळाच्या दोन वाट्या, आणि धूळ खरोखरच इतकी नीट पुसलेली होती, की मेपासून पहिल्यांदा त्याचा मूळचा रंग दिसत होता. खाली हिरवा दिवा. गौतमीने हार काढला नाही, थोडा सरकवला. किंमत या वेळी तिने फाइलीत लिहिली, मशीन बंद करून पुन्हा सुरू करून पाहिलं, हेमलतांच्या नंबरवर एक निरोप पाठवला, तो पोचला. हे सगळं करायला कपभर चहा प्यायला लागावा तेवढा वेळ लागला. तेवढा वेळ तिला मेपासूनच्या कुठल्याही रविवारी होता. पाठीमागे आशालता उभी होती. तिने विचारलं, पुढच्या वर्षी बंद करायचं का न्हाई. गौतमी म्हणाली, करा, आता चालेल. आशालता म्हणाली, "न्हाई, तुमी आल्यावरच करू. तुमी नुसत्या हुभ्या ऱ्हावा," आणि उत्तराची वाट न बघता बाहेर गेली.

चारच्या सुमाराला दवाखान्याच्या लँडलाइनवर विश्रामचा फोन आला. पाण्याच्या पलीकडून परत येऊन, रस्त्यावर रेंज मिळाल्यावर त्याने केला होता. फोन गौतमीने घेतला. विश्राम म्हणाला, की वाडीत फकस्त सासू हाय, आन् ती म्हणतीया सून सकाळच्यालाच निघाली, नवऱ्याच्या गाडीवर.

"कुटं गेली ती?" गौतमीने विचारलं. शेजारी कपाटातल्या बाटल्या लावणाऱ्या आशालताने वर पाहिलं. आशालताशी ती मेपासून पुण्याची मराठी बोलत आली होती.

"म्हायेरला म्हणं. दसऱ्याला. माणगावच्या अलीकडं हाय कुटंतरी. आता घाट उतरत्याल, न्हाई तर उतरून गेली आसत्याल. मी म्हातारीला म्हणलं, डॉक्टरीणबाईंनी बोलावलंय, लई निकडीचं हाय. तर ती म्हणती, काल तर कुणी काय बोललं न्हाई. मी काय सांगणार?"

ताम्हिणीच्या घाटात रेंज नाही, खालीही बराच वेळ नाही. फोन ऐकून आत आलेल्या हेमलतांना धरून तिघींनाही हे सांगायची गरज नव्हती. मोटारसायकलवर मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली आठव्या महिन्यातली बाई आणि पावसाने उखडलेला घाट, हेही तिघींच्या डोळ्यांपुढे होतं. हेमलतांनी माणगावच्या ओळखीच्या एका डॉक्टरांना फोन करून नाव आणि लक्षणं सांगून ठेवली. सुलक्षणाच्या माहेरचं आडनाव कार्डावर नव्हतं. गाव नव्हतं. कार्डावर जे विचारलेलं होतं ते सगळं भरलेलं होतं. विश्राम म्हणाला होता, की तो घाटाच्या तोंडापर्यंत जाऊन येतो. त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं.

गौतमीचा मोबाइल दिवसभर वापरून उतरला होता. तो हेमलतांच्या टेबलावर चार्जिंगला लावून ती मागच्या अंगणात नळावर तोंड धुवायला गेली. त्याच वेळी हेमलता गाडीत उशी आणि सलाइनची पेटी ठेवत होत्या, आशालता फाटकाशी होती. पाच वाजून गेले होते. गौतमी आत येऊन ओल्या हाताने मोबाइल बघते तो पडद्यावर एक मिस्ड कॉल. नंबर सुलक्षणाच्या नवऱ्याचा.

तिने उलट लावला. सेवाक्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. आशालता धावत आली आणि तिने पहिला प्रश्न विचारला तो हा, की रिंगा किती वाजल्या. तिकडच्या वाड्यांतली माणसं फोन उचलू देत नाहीत, पैसे पडतात. सगळं मिस्ड कॉलवर चालतं. एक रिंग म्हंजे कळलं, येतोय, आशालता म्हणाली. लांब वाजवली तर तुमी फोन करा, अडचण हाय. गौतमीने मोबाइल उलटसुलट करून पाहिला. मोबाइलात वेळ होती, पाच वाजून बारा मिनिटं, आणि नंबर होता. रिंगा किती, ते मोबाइल लिहून ठेवत नाही. कुणी ऐकलं का, म्हणून आशालताने बाकावर औषधासाठी थांबलेल्या म्हातारीला विचारलं. म्हातारी म्हणाली, वाजला व्हता कायतरी. किती येळ वाजला, ते तिला सांगता आलं नाही. तिने तो दवाखान्यातला आवाज म्हणून सोडून दिला होता.

हेमलता गाडीची चावी हातात घेऊन फाटकाशी उभ्या राहिल्या. घाटाकडे निघायचं की इथेच थांबायचं, हे त्या कॉलवर अवलंबून होतं: ती येत असेल तर वाटेत चुकामूक व्हायला नको, अडकली असेल तर थांबायला नको. सहाला विश्रामचा घाटाच्या तोंडावरून फोन आला. तिथल्या चहावाल्याने दुपारी एका मोटारसायकलवरच्या जोडप्याला पाणी दिलं होतं. बाई गाडीवरून उतरली नव्हती. अशी जोडपी आज सणाची बरीच गेली, असंही चहावाला म्हणाला. विश्राम तिथून पुढे घाटात उतरला. त्यानंतर साडेसहापर्यंत त्याचा फोन लागलेला नाही, आणि सुलक्षणाच्या नवऱ्याचाही.